पापड लेमा

गणितात संशोधन करणाऱ्याला लोक विचारतात, पेपर किती झाले. किस्से किती झाले, हे कोणी विचारत नाही. माझे पेपर कष्टानं दोन झाले. किस्से न लिहिताच साचत गेले.

विषय आधी सांगून टाकते, म्हणजे मधे कोणी अडवायला नको. समजा पुष्कळ माणसं आहेत आणि त्यांच्यात एकमेकांशी पटणारे तिघातिघांचे गट आहेत. सगळ्यांना एका गोलात असं बसवायचं, की शेजारशेजारचे कुठलेही तिघं घेतले तरी त्यांचं पटावं. पटणारे गट भरपूर असले, म्हणजे दाट असले, तर असा गोल होतोच, हे सिद्ध करायचं. गटांच्या जाळ्याला म्हणतात हायपरग्राफ, आणि त्या गोलाला सायकल. आमच्या रायपूरच्या विभागात यावर दोघंच काम करायचो. माझे गाइड देशकर सर आणि मी.

•

पहिला घोटाळा 'सायकल' या शब्दानंच केला. माझा वार्षिक अहवाल ऑफिसातल्या वर्माबाबूंनी शीर्षकातला शेवटचा शब्द वाचून क्रीडा विभागात पाठवला. आठवड्यानं मला पत्र आलं, की तेलीबांध्याच्या तलावाभोवती सायकल रॅली आहे, तज्ज्ञ म्हणून झेंडा दाखवायला यावं. सर म्हणाले, जाऊन ये. गेले, झेंडा दाखवला, नारळ घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "सगळे फेरी मारून निघाले तिथंच आले?"

मी हो म्हटलं.

"एकही जागा दोनदा नाही?"

"नाही, सर."

"मंग आपलीच सायकल झाली. अहवाल बरोबरच पोचला."

•

चौबे कॉलनीत आमच्या ओळखीच्या लोकांचं एक छोटं मंडळ आहे. कमलमावशी त्याची सेक्रेटरी. मागच्या जेवणात कमिटीतच भांडण झालं होतं, म्हणून यंदा ती माझ्याकडे आली. "तू हेच शिकून राहिली ना? मंग बसवून दे कमिटीच्या नऊ जणांले गोल टेबलावर."

कोणाचं कोणाशी पटतं, हे मी गुपचूप विचारून घेतलं. दोन संध्याकाळी घातल्या, गोल काही होईना. शेवटी यादी सरांना दाखवली. त्यांनी ती नीट वाचून परत दिली आणि म्हणाले, "आपल्या सिद्धांताले गट दाट लागतात. इथं पटणारे तिघं सापडून नाही राहिले."

मावशीला मी तेवढंच सांगितलं. तिनं बुफे ठेवला.

•

मला बघायला एक मुलगा आला. त्याच्या आईनं विचारलं, मुलगी काय करते. माझ्या आईनं जमेल तसं सांगितलं, "गोल बसवते."

मुलाला मराठी समजत होतं, बोलायचा हिंदीत. म्हणाला, "मतलब, इव्हेंट मॅनेजमेंट?"

त्याची आई खूश झाली. मला राहवेना, म्हणून मी खरं काय ते समजावून सांगितलं. पाऊण तास. परत फोन आला नाही.

•

सरांचं घर ब्राह्मणपाऱ्यात. एकदा काकूंनी गच्चीवर पापड घातले आणि कावळे हाकलायला सरांना बसवलं. सर कित्येक महिने एका पायरीवर अडले होते. बसल्या बसल्या ते पापडच गोलात मांडायला लागले, तीन-तीन करून इकडचे तिकडे. आणि अडलेली पायरी सुटली! त्यांनी मला फोन केला, मी स्कूटी काढली. पोचले तर गच्ची रिकामी, आणि सर काकूंच्या डब्याकडे बघत उभे.

"अवं, ते माझं प्रूफ होतं," सर म्हणाले.

"वाळलं होतं," काकू म्हणाल्या.

डबा उपडा केला, सगळं पुन्हा मांडलं, तेव्हा ते हाती आलं. मोठ्या सिद्धांताकडे नेणाऱ्या अशा छोट्या पायरीला लेमा म्हणतात. पेपरमध्ये आम्ही त्याला 'पापड लेमा' असं नाव दिलं. पेपर तपासणाऱ्यांची एकच तक्रार आली: पापड यांच्या मूळ लेखाचा संदर्भ द्यावा.

•

शेवटचा किस्सा माझ्या व्हायव्हाचा, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेचा. त्याआधी वर्षभर माझी सिद्धता एकाच जागी फसत होती. गोल जवळजवळ पूर्ण व्हायचा आणि एक बिंदू, म्हणजे एक माणूस, बाहेर उरायचा. जेवताना मी आईला रोज तेच सांगायची, आजही एक उरला. सोडून द्यावं इथपर्यंत आले होते. ती ऐकायची आणि पोळी वाढायची.

व्हायव्हा खुला असतो, कोणीही येऊन बसू शकतं. आई मागच्या रांगेत सरांच्या शेजारी बसली होती. परीक्षक नागपूरचे, वयस्कर, कडक म्हणून नाव असलेले. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग रीतीप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय का.

आईनं हात वर केला.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "तो एक उरून राहिला होता, त्याले कुठं बसवलं?"

कोणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि समजावलं, की सुरुवातीलाच एक छोटी साखळी राखून ठेवायची. अशी, की उरलेला कोणीही तिच्या मधे घातला तरी शेजाऱ्यांचं पटतं. बाकीचा गोल नंतर करायचा.

आईनं बोटानं हवेत गोल फिरवून पाहिला. "हव," म्हणाली, "आता बसला." आणि खाली बसली.

परीक्षकांनी समोरचा प्रश्नांचा कागद घडी करून खिशात ठेवला. "मला एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले.