वस्तादांनी पिळलेलं पातळ

परवा गच्चीवर मुलाबरोबर चादर पिळत होतो. साबणाचा आणि ओल्या सुती कापडाचा वास नाकात गेला आणि मी थेट कोल्हारला, प्रवरेच्या घाटावर पोचलो.

तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, तालमीत जायचो. बाईची नुसती सावली पडली तरी अंगातली ताकद जाते, असं आम्ही पोरं एकमेकांना सांगायचो. शेजारची सुरेखा आणि मी सायकलवर बरोबर शाळेत जायचो. पोरं मला बायल्या म्हणू लागली, तसं मी तिच्याशी बोलणंच सोडलं.

एका सकाळी घाटावर आमचे वस्ताद दिसले. त्यांची पाठ मातीला लावणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ते धुणं धुणाऱ्या बायकांशेजारी उकिडवे बसून रक्ताचे डाग पडलेलं पातळ धूत होते.

"वस्ताद, तुमी?"

"घरात वली बाळंतीन हाय. मी न्हाई धुनार तर कोन? धर ते टोक."

मी धरलं. त्यांनी पीळ दिला आणि माझे पाय दगडावरून घसरले. बायका हसल्या, तेही हसले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधूनही सापडेना. एवढा मोठा गडी मी आखाड्यातही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांदेखत मी सुरेखाला हाक मारली. ती थांबली नाही. तिचं बरोबरच होतं. मी रोज हाक मारत राहिलो.

पाचव्या दिवशी तिनं ब्रेक दाबला.