सोनूतात्यांच्या रानातली डुकरं

आमच्या खाडीतून बोट सुटली तेव्हा सारी वाडी मला पोचवायला आली होती. धाकट्या दिरांनी तेवढी पाठ फिरवली. माझ्या शेताला लागून विठ्ठलचं रान आहे. तो मुंबईत गिरणीत लागल्यापासून तिथं करवंदीची जाळी माजली आणि रानडुकरांनी बिऱ्हाड थाटलं. गेल्या साली त्यांनी भात आडवं केलं, यंदा रताळी उकरली. घरधनी गेल्यापासून माझं पोट त्याच शेतावर. बंदूक दिरांची, पण रान दुसऱ्याचं. आणि विठ्ठलच्या दारात परवानगी मागायला जाणं दिरांना कमीपणाचं वाटे. विठ्ठलची वाडी गावाबाहेरची. आता ती सारी बौद्ध झालेली. शेवटी मीच निघाले.

गिरगावात मावसबहिणीकडे उतरले. तिनं गरम भात नि बोंबलाचं कालवण वाढलं आणि दुपारी ट्राममध्ये बसवून दिलं. लालबागला ट्राम थांबली ती हलेचना. रस्ताभर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. खाली उतरून एका बाईंना वरळीची वाट विचारली.

"आमच्याबरोबर चला की, वाटेतच हाय," त्या म्हणाल्या.

वाट कसली, घोषणा देत देत मी थेट शिवाजी पार्कला पोचले. तिथून विचारत विचारत वरळीला आले तेव्हा घसा बसला होता, पण मन मात्र मोठं खुशीत होतं. एवढ्या माणसांत मला कुणी परकं म्हटलं नव्हतं.

बीडीडी चाळीतल्या विठ्ठलच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, तिला ताजी फुलं. विठ्ठलचे वडील, सोनूतात्या, खाटेवर बसले होते. गावात आमच्यातलं कुणी त्यांना तात्या म्हणत नसे, नुसतं सोनू. मी वाकून "तात्या" म्हटलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. सुनेनं चहा दिला, नाचणीची भाकरी नि सुकट वाढली. मी पोटभर जेवले.

विठ्ठल मात्र सरळ म्हणाला, "नाय वैनी. त्या रानात पुन्हा शिकार नको."

हाकारा (आरडाओरडा करून जनावर उठवणं) करायचा तो त्यांच्या वाडीनं, आणि झाडावरच्या माच्यावर बंदूक घेऊन बसायचं आमच्या वाडीनं, अशी गावची जुनी रीत. तशाच एका हाकाऱ्यात डुकरानं तात्यांची मांडी फाडली होती. ते अजून लंगडत.

"वरचे सगळे डुकराच्या मागं धावले," विठ्ठल म्हणाला. "माझ्या बाबाकडं कुणी बघितलं पण नाय."

माझे सासरे त्या दिवशी वर बसलेले होते.

तात्याच बोलले. "बाय, तुझं शेत जायला नको. कर शिकार. पण ह्या खेपेस आमचा एक पण माणूस हाकाऱ्याला येणार नाय. आणि मी वर बसणार, बंदुकीशेजारी. रान माझं हाय."

"बसाल, तात्या," मी म्हटलं. दिरांना काय सांगायचं ते बोटीत ठरवू, असा विचार केला.

परतीच्या बोटीत तात्या माझ्या शेजारी बसून किनारा न्याहाळत होते. प्रत्येक बंदराचं नाव त्यांना पाठ. बांधाला बांध असलेल्या माणसाची ओळख व्हायला मला एवढा समुद्र ओलांडावा लागला, याची लाज वाटली आणि बरंही वाटलं.

दीर खूप तणतणले, पण डुकरं त्यांच्याही शेतात शिरत होती. बंदूक घेऊन ते माच्यावर चढले, शेजारी तात्या बसले. हाकाऱ्याला मात्र आमच्या वाडीतला एकही बाप्या (पुरुष) उभा राहीना. तेव्हा मी आणि माझ्या दोघी जावा परातींवर लाटणी बडवत जाळीत शिरलो. काट्यांनी लुगडं फाटलं. एकाएकी समोरची जाळी हलली आणि अगदी जवळून घुरघुर ऐकू आली.

"बाय, हलू नको," वरून तात्यांचा आवाज आला. "मी बघतोय तुझ्याकडं."