केशरी रंगाचा निकाल

आमच्या नावडे गावात संध्याकाळी वारा फिरला आणि कारखान्यांकडचा आंबट वास खोलीत आला, की मला कॉलेजचा तो प्रोजेक्ट आठवतो. रसायनाच्या रेणूची रचना संगणकात भरायची आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो का, याचा अंदाज काढायचा. पप्पा रंगाच्या कारखान्यात केशरी पावडर पिंपांत भरायचे, म्हणून मी त्याच रंगाची रचना भरली. उत्तर आलं : हा रेणू ओळखीचा नाही, अंदाज सांगता येत नाही. "म्हंजे काय सापडलं नाय ना?" पप्पांनी विचारलं. "तसं नाही पप्पा, त्याला कळलंच नाही." "तेच की!" म्हणून ते खूश. मी परत परत समजावलं, ते नुसती मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पाळीतले शेजारचे काका हसत दारात उभे. "ताई, तुझ्या कंप्युटरनं आमचा रंग पास केला म्हणं! बापानं सगळ्या पाळीला सांगितलं. आता मास्क कोन घालतो, नुसता घाम!" मी कपाळावर हात मारला. "पास नाही केला हो काका, त्याला माहीतच नाही!" "एवढं शिकून बी माहीत नाय? मग शिकते काय तू?" माझा आवाज चढला. "काका, या रंगाची तपासणी कुणी केलेलीच नसेल, तर ती आता तुमच्यावरच चाललीय!" काकांचं हसू गेलं. काकांना सुनावलेलं हे वाक्य मी नंतर प्रोजेक्टमध्येही लिहिलं होतं. सरांनी ते शास्त्रीय नाही म्हणून खोडलं.