लुगड्याची गाठ

तापलेल्या इंजिनावर ऑइल जळाल्याचा वास आला की मला मूल गावाहून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाणारा रस्ता आठवतो. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी जंगल ठेकेदाराकडे कामाला होतो आणि त्यानं लिलावात घेतलेली मिलिटरीची मोटरसायकल चालवायचो. बायकोचा ताप उतरेना, म्हणून चांद्याच्या दवाखान्यात न्यायला तिला मागच्या कॅरिअरवर बसवलं आणि गुंगीत पडू नये म्हणून तिच्याच जुन्या लुगड्यानं माझ्या कमरेला बांधलं. "हळू चालवा नं जी," ती म्हणाली. खड्डा आला की मी डावा हात मागं नेऊन तिला धरायचो. ती दवाखान्यातच गेली. अग्नीही चांद्यालाच दिला. परतताना कॅरिअरवर तिची वाकळ, फणी आणि पितळी लोटा होता, त्याच लुगड्यात बांधलेला. जाताना जिथं थांबलो होतो, त्याच चहावाल्यानं विचारलं, "बाई कुठी हाये जी?" "चांद्यालेच राह्यली," मी म्हणालो आणि चहा पूर्ण प्यालो. रस्त्यावर मोहफुलं पडली होती. रडू आलं नाही. खड्डा आला की हात मात्र मागं जायचा आणि कापडातल्या लोट्याला लागायचा. परवा पुतण्या मला मोटरसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेत होता. खड्डा आला तसा त्यानं हात मागं आणून मला धरलं. मी म्हणालो, "मले धरू नको, समोर पाह्य."