थळची घोरपड आणि मी

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मला कळलं की माझी बायको एक घोरपड आहे.

हे मी म्हणत नाही. थळच्या मैदानावर, शनिवारी संध्याकाळी, भोंग्यावरून तसं जाहीर झालं. तिच्या माहेरच्या कबड्डी संघाचा वर्धापनदिन होता आणि जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. आम्ही राहतो बोर्ली पंचतनला. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवतो. सुनंदा लग्नाआधी कबड्डी खेळायची हे मला माहीत होतं, पण मी आपला समजत होतो की इतर मुली भरतकाम करतात तसं काहीतरी असेल.

"आणि आता येत आहेत," निवेदक म्हणाला, "डाव्या कोपऱ्याच्या बादशहा, एकदा घोटा धरला की सोडायचा न्हाय म्हणून ज्यांना सगळा तालुका थळची घोरपड म्हणायचा, त्या सुनंदाताई."

मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. म्हाताऱ्या कोळणी शिट्ट्या मारत होत्या. सुनंदाला शाल दिली, नारळ दिला. मग निवेदकाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "सोबत त्यांचे मिस्टरही आलेत," तो म्हणाला आणि पुढच्या नावाकडे वळला. (नाव त्याला विचारावंसं वाटलं नाही. मी शर्टाची वरची गुंडी लावून तयार होतो.)

इथपर्यंत मी सहन केलं. तेवढ्यात एक उंच, खांद्याने रुंद माणूस गर्दीतून आला. वय माझ्याएवढंच, पण केस सगळे जागच्या जागी.

"सुने, वळखलंस का?"

"पास्कल," असं म्हणून सुनंदा हसली. हे हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. आमच्या घरात ते कधी आलेलंच नाही. आणि 'सुने'? बावीस वर्षांत मी तिला 'अगं'च्या पुढे काही म्हणालो नव्हतो.

पास्कल रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा. सुतारकामासाठी पूर्वी थळला राहायचा, पुरुषांच्या संघातून खेळायचा आणि मुलींचा सरावही घ्यायचा. "रोज संध्याकाळी," सुनंदाने मला कौतुकाने सांगितलं. मी मनातल्या मनात त्या सगळ्या संध्याकाळी मोजायला लागलो.

मग जुन्या खेळाडूंचा गमतीचा सामना ठरला. बायका-पुरुष एकत्र. पास्कल म्हणाला, "सुनी आमच्यात." कोणी विचारलं नव्हतं त्याला. एका संघात एक माणूस कमी पडत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी खेळतो."

"तुम्ही?" सुनंदा म्हणाली.

"कॉलेजात खेळायचो."

"अहो, तुम्ही कॅरम खेळायचात."

पण तोवर मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. माझा बेत साधा होता. चढाई करायची, पास्कलला हात लावायचा, त्याला बाहेर बसवायचं आणि परत यायचं. मी दम घुमवत पलीकडे गेलो. पास्कल समोर उभा होता, हात पसरून, हसत. मी सगळी चीड गोळा करून त्याच्यावर झेपावलो. बोट त्याच्या बनियनपासून वीतभर अंतरावर असेल, तेवढ्यात माझा डावा पाय जमिनीतच राहिला.

खाली पाहिलं. घोट्याला घोरपड लागली होती.

"सुनंदा, सोड. मी आहे," मी म्हणालो. त्यामुळे माझा दम तुटला, आणि ती तर तशीही सोडणार नव्हती. सवयच तशी, असं नंतर म्हणाली. मी तोंडावर आपटलो, गुडघा कुठल्या तरी भलत्याच दिशेला गेला आणि अख्खं थळ आनंदाने नाचलं. वाईट ते पुढेच. मला उठता येईना म्हणून पास्कलने मला दोन्ही हातांवर उचललं, नवरीला उचलतात तसं, आणि खुर्चीवर नेऊन ठेवलं. "वजन काय न्हाय तुमचं," तो प्रेमाने म्हणाला.

"उद्या आमच्याकडं या," त्याने सुनंदाला सांगितलं. "गावात नवीन चर्च झालंय. बाकं सगळी मी केलीत."

"उद्या आपल्याला परत जायचंय," मी म्हणालो.

"येतो," सुनंदा म्हणाली.

रविवारी सकाळी मी गुडघ्याला पट्टी बांधून त्या चर्चमध्ये बसलो होतो. पांढऱ्या भिंती, अजून रंगाचा वास, खिडकीतून समुद्र. आणि ती बाकं. सागाची, गुळगुळीत, एकही करकरत नव्हतं. सुनंदा लाकडावरून हात फिरवत होती. "बघा, सांधा कुठं आहे ते कळत सुद्धा नाही," ती कुजबुजली. आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय मी चार वर्षं कागदाच्या घडीवर उभा ठेवलाय. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

प्रार्थनेत एक वेळ अशी आली की सगळे गुडघ्यावर टेकले. पास्कल मागे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही बसा, सर. पाय दुखतोय तुमचा."

त्याने सांगितल्यावर मी बसून राहणं शक्यच नव्हतं. मी टेकलो. थोड्या वेळाने सगळे उठले. मी नाही उठलो, कारण गुडघा उघडेना. पुढचं गाणं झालं, लोक प्रसादाला रांगेत जाऊन परत आले, मी डोळे मिटून, घाम गाळत तसाच. फादरांनी शेवटचा आशीर्वाद देताना माझ्याकडे पाहून किंचित मान लववली. मागची एक आजी दुसरीला म्हणाली, "बाहेरचा हाय, पन भक्ती बघ."

शेवटी पास्कलनेच उचललं. दुसऱ्यांदा.

बाहेर त्याची बायको भेटली, फिलोमिना. तीही जुनी खेळाडू, सुनंदाच्याच संघातली. माझ्या गुडघ्याला तेल लावता लावता म्हणाली, "आमचं लग्न सुनीमुळं झालं, भावजी. ह्याला माझ्याशी बोलायची हिंमत न्हवती. सरावाला यायचा, चिठ्ठी सुनीच्या हातात द्यायचा आनि पळायचा."

पास्कलची मान खाली गेली. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल. मला तो एकदम फार आवडायला लागला. जेवताना मी त्याच्या बाकांची तारीफ केली, सुरमई दोनदा मागून घेतली.

परतीच्या एसटीत सुनंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जळत होतात ना कालपासून?"

"छे."

"कबूल करा. मला आवडलं." मग माझ्याकडे वळून, "पण तो बघा, न बोलता चिठ्ठ्या तरी लिहायचा. तुम्ही लिहिलीत कधी?"

झालं. पुढचे तीन तास मी पुन्हा पास्कलवर जळत बसलो.

सोमवारी शाळेत लंगडत गेलो. कबड्डी खेळताना लागलं, असं सांगितल्यावर शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "पाडलं कुणी? दांडगा असणार गडी."

"दांडगा म्हणजे काय, सर," मी म्हणालो. "चौघांना आवरला नसता."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा तो गडी माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत होता. मी गुपचूप ताट घेऊन बसलो.