सासूबाई आणि तलावाची चौथी बाजू

आमच्या सासूबाई घरगुती जलतरण तलाव तपासतात. नगरपालिकेत त्यांचं कामच ते. कुंपण, फाटक, कडी मनासारखी असल्याशिवाय त्या कुणाला पाण्यात पाय बुडवू देत नाहीत. त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना ‘कडीवाल्या बाई’ म्हणतात. नात्यातलं घर मात्र त्यांना तपासता येत नाही, म्हणून आमच्या नव्या तलावासाठी दुपारी त्यांचे साहेब येणार होते. परवानगी मिळाली की उद्या लेकीच्या वाढदिवसाला सगळ्या मैत्रिणी पाण्यात! मी सकाळपासून नुसता नाचत होतो.

सासूबाई साहेबांच्या आधीच हजर. आल्या त्या थेट गुडघ्यांवर बसल्या आणि कुंपणाभोवती रांगत निघाल्या.

"पोरांच्या उंचीवरून बघितल्याशिवाय काही कळत नाही, जावईबापू."

शेजारीण गॅलरीतून डोळे फाडून बघत होती. मला हसू आवरेना. फाटक सोडलं की आपोआप खटकन बंद होई. माझी छाती फुगली!

मग त्या आत गेल्या, काठावर बसल्या आणि नातीला हाक मारली, "ये बघू माझ्याकडे! फाटक मात्र कुणी उघडून द्यायचं नाही."

पैजच लागली! लेकीने फाटक गदागदा हलवलं, उड्या मारल्या. हात कडीला पुरेना, पाय कुंपणावर ठरेना.

"हरलीस!" मी टाळ्या पिटल्या.

"अहो, पोरगी हरली म्हणून नाचताय काय?" बायको म्हणाली. लेक फुरंगटून घरात पळाली.

"झालं ना समाधान?" मी ऐटीत विचारलं.

सासूबाई घराकडे बघत होत्या. तलावाच्या तीन बाजूंना कुंपण, चौथीला आमची बैठकीची खोली. चहा पिताना पाणी दिसावं म्हणून तिथली खिडकी मीच हौसेने पार जमिनीपर्यंत आणली होती.

ती खिडकी सरकली. लेक बाहेर आली ती धावतच, ओल्या फरशीवरून. मी कुंपणाबाहेर. फाटकाकडे झेपावलो, तर घाईत मलाच कडी निघेना.

सासूबाईंनी तिला काठावर कवेत घेतलं.

"जिंकले!" लेक ओरडली.

"जिंकलीस गं बाई," सासूबाई म्हणाल्या, पण तिला सोडेनात.

खिडकीचा बंदोबस्त होईपर्यंत येऊ नका, असा मी साहेबांना फोन केला. उद्या पोहायचं नाही हे कळताच लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. मी तिची समजूत घातली नाही. बंद खिडकीला पाठ टेकून ते रडणं ऐकत बसलो.