ओल असेल तर पाडा

लग्नघरात किस्से होतात म्हणे. खोटं आहे. लग्न दोन दिवसांत उरकतं. किस्से हवे असतील तर नवऱ्याला एक भिंत द्यावी आणि त्याचे शनिवार मोकळे ठेवावेत. आमच्याकडे सहा महिने हा उद्योग चालला. आता कुठल्याही पॉटलकला प्लेटा हातात आल्या की कुणीतरी म्हणतंच, "केतकी, तो भिंतीचा सांग ना." मंडळी हसतात. मला फारसं हसू येत नाही, पण सांगते.

आमचं घर सांगलीपासून अर्धं जग लांब, अप्पर हटला, टेकडी कापून बसवलेलं. रस्त्यावरून आत शिरलात की वरचा मजला. खाली गराज, आणि गराजच्या मागे एक रिकामी खोली. त्या खोलीची मागची भिंत काँक्रीट ब्लॉकची, आणि भिंतीपलीकडे नुसती टेकडीची माती. सासूबाई गेल्या आणि सासरे, म्हणजे अप्पा, सांगलीहून आमच्याकडे आले. वर दोनच बेडरूम, म्हणून अप्पा हॉलमधल्या सोफाबेडवर. प्रसादने, माझ्या नवऱ्याने, विमानतळावरच जाहीर केलं, "अप्पा, खालची खोली तुमची. हिवाळ्याच्या आत तयार करतो."

अप्पांना दमा आहे, ओल अजिबात चालत नाही. म्हणून ठरलं असं, की भिंत कोरडी झाली तर अप्पा कायमचे इथे. नाहीतर जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडच्या, तिकिटाने परत सांगलीला, बंद घराचं कुलूप उघडायला.

*

अप्पा पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर होते. भिंत तपासायची त्यांची एक पद्धत होती. आधी तळहात लावायचे, मग गाल. तासगावजवळ एका शाळेची नवी भिंत कंत्राटदाराने उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घाईघाईने चुना फासून उभी केली होती. अप्पांनी गाल लावला आणि म्हणाले, "ओल आहे. पाडा." पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी फीत कापली ती तीन भिंतींच्या शाळेची!

जी भिंत पास व्हायची तिच्यावर अप्पा लाल पेन्सिलीने 'पाहिले' असं लिहून सही करायचे, खाली तारीख. ती सही दिसल्याशिवाय गवंडी गिलाव्याला हात लावत नसत. ओली भिंत आपण आयुष्यात पास केली नाही, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. दुसऱ्या सुनांना सासरे देवघर दाखवतात.

आमच्या खालच्या खोलीतही त्यांनी पहिल्याच दिवशी गाल लावला. म्हणाले, "पाणी बाहेरून अडवायचं असतं, प्रसाद. मागची माती उकर."

प्रसादने समजावलं, की वर शेजाऱ्याचा ड्राइव्हवे आहे, उकरता येणार नाही, आतूनच काय ते करू. अप्पा "बरं" म्हणाले. मुलाच्या घरात ते कुठलीही गोष्ट एकदाच बोलतात.

*

प्रसाद सॉफ्टवेअर टेस्टर. मदतीला त्याचा कॉलेजचा मित्र मंदार, मेकॅनिकल इंजिनियर. मंदारने तीन व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे मुकादम तोच.

दोघांनी लाकडाची आख्खी फ्रेम जमिनीवर आडवी ठोकली. छताची उंची मिलिमीटरमध्ये मोजली होती, अगदी बरोब्बर. मग एक-दोन-तीन करून फ्रेम उचलली, आणि ती अर्ध्यात अडकली. उभी होताना तिचा कोपरा छतात रुतला. ना वर जाईना, ना खाली येईना. दोघं तिच्याखाली हात वर करून उभे.

खुर्चीत बसलेले अप्पा म्हणाले, "दोन सूत कमी घ्यायचं असतं."

मंदार खालून ओरडला, "काका, दोन सूत म्हणजे किती मिलिमीटर?"

"ते मला माहीत नाही. पण तेवढं घेतलं असतं तर तुझे हात मोकळे असते."

*

पहिल्यांदा भिंत पूर्ण झाली तेव्हा मंदारने पेढे आणले. ब्लॉकवर आतून वॉटरप्रूफ रंगाचे तीन हात, त्याला चिकटून फ्रेम, फ्रेममध्ये इन्सुलेशन. बोर्ड ठोकायच्या आधी मंदार म्हणाला, "काका, तुमची सही पाहिजे हं. लाल पेन्सिल काढा."

अप्पांनी खिसा चाचपला. "पेन्सिल सापडत नाहीये रे."

बोर्ड बसला, क्रीम रंग लागला. तीन आठवड्यांनी पाऊस झाला आणि कोपऱ्यात काळे ठिपके उगवले. आमची रेवा आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती दारातच नाक धरून म्हणाली, "आजोबा, इट स्मेल्स लाइक वेट टॉग्ज." पोहण्याचे ओले कपडे बॅगेत विसरल्यावर जो वास येतो, तोच. पोरीने एका वाक्यात निकाल लावला.

पाडली.

*

मग शेजारचा ग्रॅहम आला. ज्याचा ड्राइव्हवे डोक्यावर आहे तोच. साठी उलटलेली, थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता. "किआ ओरा" म्हणत आत शिरला, भिंतीवर बोट फिरवलं, आणि बोट आपल्याच चड्डीला पुसलं.

"हीप्स ऑफ वॉटर, मेट," तो म्हणाला.

प्रसादने विचारलं, काय करू?

"पुढे दुसरी भिंत उभी कर. मध्ये गॅप ठेव. आणि मागे कधी बघू नकोस. मग झकास. स्वीट ॲज."

आम्ही त्याला पेढा दिला. पहिल्या भिंतीचा उरलेला होता, फ्रीजमध्ये.

*

दुसऱ्या वेळी गॅप ठेवला. मात्र खालच्या लाकडाखाली जी काळी पट्टी घालायची असते, फरशीची ओल वर चढू नये म्हणून, ती दोघंही विसरले. दोघंही इंजिनियर. त्या वेळी सही मागितली तर अप्पा म्हणाले, "चष्मा वर राहिलाय."

महिन्याभरात लाकूड फुगलं आणि त्याच्यावर अळंबी उगवली. चांगली छत्रीएवढी नाही, पण बटणाएवढी होती. मंदार फोन काढून बघत बसला की ही खातात का. मी म्हटलं, "आधी तू खा. तुझ्या बायकोला मी सांगते."

पुन्हा पाडली. मंदार घरी गेला. प्रसाद रंगाच्या पालथ्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "एक भिंत जमत नाही गं मला. बाप माझा सोफ्यावर झोपतो आणि मला एक भिंत जमत नाही." आणि रडायला लागला. चौदा वर्षांच्या संसारात मी त्याला असं फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. मी त्याच्या डोक्यातला भुसा झटकत राहिले.

जिन्यावर पावलं वाजली. अप्पा खाली येत होते ते अर्ध्यातून परत वर गेले. हे मी पॉटलकला गाळते. तिथे अळंबीवरून सरळ तिसऱ्या भिंतीवर जाते.

*

तिसऱ्या वेळी प्रसाद म्हणाला, आता आधी टेस्ट. नोकरीच ती. ब्लॉकवर आतून नवा जाड लेप लावला, आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे तीन चौकोन चारही बाजूंनी निळ्या टेपने चिकटवले. सात दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या मागे थेंब आले तर पाणी टेकडीतून येतंय. नाही आले तर भिंत कोरडी.

रोज सकाळी सात वाजता प्रसाद फोटो काढून मंदारला पाठवणार. सातही दिवस कोरडे आले तर शनिवारी फ्रेम, नाहीतर तिकीट. अप्पांना त्याने स्पष्टच सांगितलं, "ओल्या खोलीत मी तुम्हाला ठेवणार नाही." अप्पा म्हणाले, "बरोबर आहे."

रविवारी कोरडं. सोमवारी कोरडं. मंगळवारी कोरडं. बुधवारी दिवसभर धो धो पाऊस, गुरुवारी सकाळी कोरडं! मंदारचे मेसेजवर मेसेज. आमच्या घरात सहा महिन्यांनी कुणीतरी शीळ घालत चहा केला.

मी मात्र वैतागलेली. एक तर निळ्या टेपचं नवं कोरं रीळ अर्धं संपलेलं. रेवाने क्राफ्टला पळवलं म्हणून तिला दोनदा ओरडले, ती म्हणे, "इट वॉज नॉट मी." त्यात अप्पांचे पंचे. अप्पर हटच्या जूनमध्ये आधीच काही वाळत नाही, आणि माणूस एक, पंचे तीन, तिन्ही चिंब. मी मनात म्हटलं, म्हातारपणी अंघोळी वाढल्या की काय यांच्या.

*

हा शेवटचा किस्सा मी पॉटलकला सांगत नाही. तिथे प्रसाद असतो.

शनिवारी, टेस्टच्या शेवटच्या दिवशी, साडेसहाला मी कपडे मशीनला लावायला खाली गेले. मशीन गराजमध्ये आहे. मागच्या खोलीत दिवा दिसला. आत अप्पा होते, अंगात स्वेटर, खांद्यावर एक पंचा. दुसऱ्या चौकोनाचं प्लास्टिक त्यांनी तीन बाजूंनी सोडवलं होतं आणि हातातल्या पंच्याने ब्लॉक पुसत होते. पाणी त्यांच्या मनगटावरून स्वेटरच्या बाहीत जात होतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दचकले नाहीत. "प्रसाद उठला का?"

"नाही अजून."

"मग ये. तिसरा राहिलाय."

"अप्पा, तुमची छाती," मी म्हटलं.

"छातीचं मी बघतो. पोराला तिसऱ्यांदा हरू देऊ नकोस." मग खोकले, पंचा तोंडावर धरून, वर ऐकू जाऊ नये म्हणून.

तिसरा चौकोन मी सोडवला. ते पुसत होते तोवर मी टेपचं टोक नखाने शोधून एक एक पट्टी कापून त्यांच्या हातात देत गेले. ओले पंचे मशीनमध्ये टाकले.

सात वाजता प्रसाद फोन घेऊन खाली आला. पहिला चौकोन कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्याजवळ तो बराच वेळ वाकून बघत होता. मग सरळ झाला. आणि हसला, लहानपणीच्या फोटोत हसतो तसा.

अप्पांनी स्वेटरच्या आतून शर्टाच्या खिशात हात घातला आणि लाल पेन्सिल काढली. चष्मा डोळ्यांवरच होता. भिंतीवर तळहात ठेवला. गाल ठेवला नाही. चौकोनांच्या मधल्या जागेत सावकाश लिहिलं, 'पाहिले', आणि खाली सही केली.

मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे वळले.

"केतकी, आज तारीख काय?"

मी सांगितली.